दारातली शिंक

माझ्या शिंकेबद्दल आधीच सांगून टाकते, ती नाजूक कधीच नव्हती. माहेरी, कट्टा गावात, मी शिंकले की गोठ्यातला पाडा दचकून उभा राहायचा आणि मळ्यातून बाबा ओरडून विचारायचे, "जानक्ये, उठलंस काय गो?" शेतकऱ्याचं घर ते. भात झोडताना, गवत रचताना सगळेच शिंकायचे. शिंकेची दखल घ्यायला वेळ कुणाला होता?

साठ साली लग्न होऊन मालवणला आले, ती थेट किनाऱ्यावरच्या घरात. अंगण संपलं की वाळू, वाळू संपली की दर्या. नवऱ्याचं नाव घ्यायची आमच्यात रीत नव्हती, पण आता या वयात मला कोण अडवणार? सत्यवान त्यांचं नाव. होडीचे तांडेल. होडी कुठे न्यायची, जाळं कुठे टाकायचं, कधी फिरायचं, सगळं त्यांच्या शब्दावर. आणि माणूस असा, की ते शब्दही तोंडातल्या तोंडात बोलणार. मला आधी वाटलं, नवीन लग्न आहे, लाजत असतील. मग कळलं, मुळातच तसे आहेत. घरात तिसरी माझी सासू, यशोदा. तिला मी आये म्हणायचे. बोलण्याच्या बाबतीत तीही त्यांचीच आई. दोघं मिळून जेवढं बोलत तेवढं मी एकटी पेज वाढताना बोलायचे.

लग्नानंतर पहिल्यांदा होडी निघायची होती तो दिवस अजून डोळ्यांपुढे आहे. उजाडत होतं. परशुराम खांद्यावर वल्ही घेऊन अंगणात उभा होता. परशुराम म्हणजे होडीवरचा जुना खलाशी, तांडेलांचा थोरला चुलतभाऊ. हाताने कामसू आणि तोंडाने फटकळ. तांडेलांनी उंबऱ्याबाहेर पाय टाकला आणि इकडे चुलीपाशी मी शिंकले. चुलीत नारळाची ओली सोडणं, म्हणजे सालं, कोंबलेली, धूर नाकात गेलेला, शिंकणार नाही तर काय करणार? पण बाहेर सगळं जागच्या जागी थांबलं. तांडेल माघारी आले, जाळं खाली ठेवलं, पाटावर बसले. आयेने पाण्याचा तांब्या पुढे केला. ते पाणी प्यायले, जरा बसले आणि पुन्हा उठले. माणूस दर्यावर निघताना शिंक आली तर असंच करायचं, म्हणजे तिचा दोष जातो.

एवढ्यावर भागलं असतं. पण माझी शिंक एकटी कधी येत नसे, बहिणीला घेऊन यायची. तांडेल पुन्हा उंबऱ्यावर आणि मी पुन्हा शिंकले. दुसऱ्या शिंकेवर उपाय नाही. होडी राहिली. आणि मेलं नशीब बघा, त्याच दिवशी देवबागच्या बाजूला बांगडा लागला. बाकीच्यांच्या होड्या काठोकाठ भरून आल्या आणि आमची वाळूत उताणी पडून होती.

"जानक्ये, तुझी शिंक माका दी," परशुराम म्हणाला. "शेजाऱ्याच्या दारात नेवन ठेवतंय."

मला हसू आलं, पण त्याला आलेलं नव्हतं. तांडेल जाळं आवरायला लागले. आये आत निघून गेली. मला वाटलं, ओरडले असते तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी विहिरीवर हौसाबाई भेटली. हौसाबाई परशुरामाची बायको. तिनेच मला सासऱ्यांचं सांगितलं. सासरे भर ज्वानीत दर्यावर गेले ते आलेच नाहीत. होडीची फळकुटं तळाशिलच्या किनाऱ्याला लागली. तांडेल तेव्हा रांगत होते.

"त्या दिसा दारात कोणतरी शिंकला आसतला," हौसाबाई म्हणाली. "नायतर असल्या निवांत दर्यात होडी बुडता कशी?"

"कोण शिंकला?" मी विचारलं.

"आता माका काय म्हायत? घरात बाईलमाणूस एकच होता मा," असं म्हणून तिने कळशी विहिरीत सोडली.

म्हणजे अख्खा गाव इतकी वर्षं आयेकडे त्या नजरेने बघत होता. आमच्या लग्नात होडी पुजली तेव्हा ती बाकीच्या विधवांपासूनही दूर का उभी होती ते मला तेव्हा कळलं. आणि आता त्याच घरात, त्याच उंबऱ्याच्या आत, सकाळी शिंकल्याशिवाय जिचा दिवस उगवत नाही अशी मी. घरी येईपर्यंत माझं ठरलं होतं. माझा नवरा मला हवा होता. मुका असला तरी हवा होता.

तेव्हापासून मी शिंक गिळायला शिकले. अंगणात वल्ह्यांचा आवाज झाला की मी दाराआड व्हायचे. नाकात हुळहुळलं की चिमटीत नाक गच्च धरायचं, ओठ आवळायचे आणि खाली मान घालायची. आतल्या आत एक दणका बसायचा. डोळ्यांतून पाणी यायचं, कानात कट्ट करून वाजायचं, डोकं जड व्हायचं. पण बाहेर आवाज नाही. तांडेल दारात उभे राहून म्हणायचे, "येतंय गो." दर्यावर निघालेल्या माणसाने 'जातंय' म्हणायचं नाही. आणि घरातल्या बाईने म्हणायचं, "बेगीन येवा," म्हणजे लवकर या. मी डोळे पुसत म्हणायचे. त्यांना वाटायचं, बायकोला विरह सोसवत नाही. वाटू दे, म्हटलं. तेवढाच त्यांना आनंद.

अशी दोन-अडीच वर्षं गेली. होडी रोज जायची, रोज यायची. माझी खात्रीच झाली, की ती माझ्या चिमटीवर चालली आहे. हसाल तुम्ही. पण रोज जे करतो ते करून माणूस रोज परत येत असेल, तर ते सोडून बघायची हिंमत कुणाची होते?

दिवाळीनंतरच्या थंडीत मला मोठी सर्दी झाली. नाक चोंदलेलं, कान दडपलेले. त्या सकाळी तांडेल उंबऱ्यावर होते आणि शिंक अशी आली, की पार बेंबीपासून. मी दोन्ही हातांनी नाकतोंड दाबून धरलं. तिला वाट मिळाली नाही आणि उजव्या कानात काहीतरी टर्रकन फाटलं, जुनेराचं फडकं फाडावं तसं. मी मटकन खाली बसले. कानातून तापलेली सुई घातल्यासारखं झालं. बोट लावलं तर बोटाला लाल लागलं. बाहेर होडी वाळूवरून ढकलल्याचा आवाज येत होता, पण एकाच बाजूने.

आणि संध्याकाळी होडी सरंग्यांनी भरून आली. असे सरंगे त्या हंगामात कुणाला मिळाले नव्हते. परशुरामसुद्धा दात काढत होता. खरं सांगते, कान ठणकत असताना मला मनातून आनंद झाला. म्हटलं, बघ जानकी, वाया नाही गेलं.

पण पुढे वेगळंच होऊन बसलं. त्या कानाने मला काही ऐकू येईना, आणि हे बोलणार तोंडातल्या तोंडात, तेही नेमके उजव्या बाजूने. चूल डावीकडे, दार उजवीकडे, मी तरी काय करणार? सर्दीने दुसराही कान दडपलेला, वल्ह्यांचा आवाजच कळेना, मग दाराआड जाणार कशी? ते दारातून "येतंय गो" म्हणायचे, मी भाकरी थापत राहायचे. ते थोडा वेळ थांबायचे आणि निघून जायचे. मला पत्ताच नाही.

एके दिवशी बाजारातून माझ्यासाठी हिरव्या बांगड्या आल्या. मी म्हटलं, कशाला? ते काही पुटपुटले, तेही मला कळलं नाही. मग गुळाचं खाजं आलं. मग अबोलीचा गजरा. मला वाटलं, या माणसाने काहीतरी गुन्हा केलाय. शेवटी एका संध्याकाळी ते माझ्या अगदी समोर येऊन बसले, जाळं शिवायची सुई हातात तशीच, आणि विचारलं, "माझ्यार रागावलंस काय गो?"

"मी? कशाक?"

"आठ दीस झाले, बेगीन येवा म्हणणस नाय."

एवढ्या मोठ्या माणसाचं तोंड अगदी लहान झालं होतं. दर्यात कमरेएवढ्या लाटा अंगावर घेणारा माणूस, आणि बायको दोन शब्द बोलली नाही म्हणून आठ दिवस झुरत होता. मला त्यांची इतकी माया आली, की मी रडायलाच लागले आणि सांगून बसले, "माका उजव्या कानान ऐकूक येणा नाय."

का ते मात्र सांगितलं नाही. आयेने लगेच लसूण घालून तेल कडवलं आणि कोमट करून कानात ओतलं. तिच्या मायेत काही कमी नव्हतं, पण कान जो पेटला तो पेटलाच. रात्रीतून ताप चढला. तेव्हा आयेच मला घेऊन बाजारातल्या डॉक्टर रोझारियोंकडे गेली. डॉक्टर मूळचे गोव्याकडचे, पण मालवणातच केस पिकलेले. बोलणं सावकाश आणि डोळे मिस्कील.

त्यांनी आरशाच्या उजेडात कान बघितला आणि आधी तेलावरून आयेला झापलं. "पडदा फाटलेल्या कानात तेल? भाजी फोडणीला टाकताय काय?" मग मला विचारलं, "फाटला कसा?"

"कान कोरताना," मी म्हटलं.

"कान कोरून फाटला तर आत ओरखडे दिसतात. तुझा कान साफ आहे. कुणी थोबाडीत मारली?"

हे ऐकून मी चवताळलेच. तांडेलांवर असला आळ मी कशी येऊ देणार? "नाय हां डॉक्टर, तो माणूस माशीक मारणा नाय," म्हटलं, आणि त्या झटक्यात खरं तेच बाहेर पडलं. शिंक, चिमटी, दाराआड उभं राहणं, सगळं. आये शेजारी बसून ऐकत होती. तिच्याकडे बघायची माझी छाती झाली नाही.

डॉक्टर हसले नाहीत. म्हणाले, "हे बघ. शिंक म्हणजे आतून येणारा वारा, आणि तो सोसाट्याने येतो. नाक बंद, तोंड बंद, तर त्याने जायचं कुठे? नाकामागून कानाकडे एक वाट आहे, तिथे घुसतो. एखाद्या वेळी दाबली तर बहुतेकांना काही होत नाही, दडा बसतो आणि सुटतो. पण भर सर्दीत, सगळा जोर लावून दाबली की असं होतं. कुणाचा पडदा जातो, कुणाच्या नाकातली शीर फुटून रक्त येतं, क्वचित कुणाच्या गळ्यालाही आतून इजा होते. आमच्या घरात माणूस शिंकला की आई 'व्हिवा' म्हणायची. जगत राहा, असा त्याचा अर्थ. तुमच्याकडे त्यालाच घाबरतात."

"कान बरो होतलो मा?" आयेने एवढंच विचारलं.

"होईल. कापूस घालून कोरडा ठेवा, पडदा आपोआप भरून येईल. पण पुन्हा अशी दाबलीस, पोरी, तर तो कान गेला असं समज. मग माझ्याकडे येऊ नकोस."

परतताना आये वाटभर मागे न बघता पुढेच चालत राहिली. मला वाटलं, संपलं. इतकी वर्षं गाव तिला बोट दाखवत होता, आणि आता सून म्हणते मला शिंकायला मोकळीक द्या.

तांडेलांना सगळं सांगितलं तेव्हा त्यांनी माझ्या कानातला कापूस नीट बसवला. मग म्हणाले, "थोडे दीस कट्ट्याक जा. बापाशीकडे रव."

"शिंक येता म्हणून बायलेक म्हायेराक धाडतास? गाव काय म्हणतलो?" माझा आवाज चढला.

"मग मी न सांगताच जातंय. मागल्या दारान."

"आणि मी बेगीन येवा कोणाक म्हणू? माडाक?"

ते उठून जाळं शिवायला बसले. कान राखायचा तर त्यांच्या वाटेवर शिंकायचं. त्यांना राखायचं तर कान द्यायचा. मी मनाशी ठरवून टाकलं, की एक कान गेला तरी दुसरा आहे, नवरा मात्र एकच आहे. कुणाला सांगितलं नाही. पुढे थंडीभर देवाच्या कृपेने सर्दी नव्हती आणि चूल मी ते निघून गेल्यावरच पेटवायचे. ते आदल्या दिवसाची गार पेज पिऊन जायचे, तक्रार नाही.

मग शिमग्यानंतरची ती सकाळ आली. वारा उलटा फिरला होता आणि पाणी गढूळ दिसत होतं. काही होड्या निघाल्या, काही राहिल्या. तांडेलांनी अंगणात उभं राहून दर्या नीट न्याहाळला आणि म्हणाले, जाऊया, दुपारपर्यंत फिरूया. परशुरामाने वल्ही उचलली. माझं काळीज आधीच थाऱ्यावर नव्हतं. मी दारात आले आणि आंब्याच्या मोहोराचा वास वाऱ्याबरोबर भस्सकन नाकात शिरला.

तांडेलांचा पाय उंबऱ्यावर होता. "येतंय गो," ते म्हणाले, आता मला ऐकू जाईल असं मोठ्याने. आणि शिंक आली. माझा हात नाकाकडे गेला. नाक चिमटीत सापडणार एवढ्यात कुणीतरी माझं मनगट धरून खाली ओढलं. आये माझ्या मागेच उभी होती. म्हातारीच्या हातात एवढं बळ असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. तिने दुसराही हात धरला.

मी शिंकले. अंगणभर ऐकू गेली. पाठोपाठ दुसरीही आली.

परशुरामाने वल्ही वाळूवर टाकली. "झाला आता," तो म्हणाला. "आज नको रे सत्यवान. एक तर दर्या असो, त्यात दोन शिंको."

तांडेल माझ्याकडे बघत मागे फिरले.

"फिरा नको," आये म्हणाली. माझे हात तिने सोडले नव्हते. "दर्या वायट दिसता तर रव. शिंकेसाठी रवा नको."

"काकी, तूच असा म्हणतंस?" परशुराम म्हणाला. पुढचं तो बोलला नाही, पण सगळ्यांना ते कळलं.

"मीच म्हणतंय," आये म्हणाली. "तुझो काको गेलो त्या दिसा माका शिंक इली होती. ह्याच दारात. मी नाक धरलंय, तोंड धरलंय. नाकातसून रगात इला, लुगडा भिजला, पण शिंकाक नाय. एकदापण शिंकाक नाय. तो तोंड भरून हसलो, येतंय म्हणालो आणि गेलो." ती जरा थांबली. "त्येका कोण शिंकाक नव्हता रे. तरी तो येवक नाय."

परशुराम वाळूकडे बघत राहिला. त्याच्या बायकोने विहिरीवर किती जणींना काय सांगितलं होतं ते त्याला माहीत असणारच.

तांडेलांनी पुन्हा एकदा दर्याकडे बघितलं. शिंकेसाठी नव्हे, वाऱ्यासाठी. मग आयेच्या पाया पडले, असे ते एरवी कधी पडत नसत, आणि उंबरा ओलांडला.

"बेगीन येवा," मी म्हटलं. आवाज रडका झाला, पण म्हटलं.

होडी पाण्यात गेल्यावर मी चुलीकडे वळले, तर आये अंगण उतरून वाळूवर चालत निघालेली. मी तिच्यामागून धावले. ती ओल्या वाळूच्या अलीकडे बसली आणि मी तिच्या उजव्या बाजूला, म्हणजे माझा चांगला कान तिच्याकडे राहील अशी. तिने माझा हात पुन्हा धरला.

"आये, एवढी वर्सां सांगलास कशाक नाय?" मी विचारलं. "लोक तुमका काय काय म्हणत होते."

"काय सांगू गो? शिंक धरून कोण वाचणा नाय, असा सांगू? मग बायल्यांनी दारात उभी रवान करूचा काय?" मग जरा वेळाने म्हणाली, "तू धरतंस ता माका डॉक्टराकडे जाईसर ठावक नव्हता, चेडवा, आणि मगे परत धरशीत असा वाटूक नाय. ठावक आसता तर पयल्याच दिसाक सांगतंय."

ऊन वर आलं. पाणी फेसाळत होतं. मी मनातल्या मनात सगळ्या देवांना बोलावलं, कट्ट्याचे, मालवणचे, डॉक्टरांचेसुद्धा. आये मात्र डोळे न मिटता दर्याकडे बघत होती. ऊन कलायला लागलं तेव्हा आमच्या होडीचं शीड दिसलं. चुकीचं दिसलं असेल म्हणून मी डोळे पुसून पुन्हा बघितलं. मग पुढे वाकून उभा असलेला परशुराम ओळखू आला आणि सुकाणूपाशी ते.

"इलो," आये म्हणाली.

आणि तिने माझ्या खांद्यावर डोकं टाकलं आणि रडायला लागली. हुंदके देऊन, मोठ्याने, आजूबाजूला जाळी सुकवणारी माणसं वळून बघतील असं. मी तिला दोन्ही हातांनी धरून बसले.

तांडेल होडी लागायच्या आधीच पाण्यात उडी मारून धावत आले. कमरेपर्यंत भिजलेले, तोंड पांढरं पडलेलं. "काय झाला, आये? काय झाला?"

"काय होवक नाय रे," आये म्हणाली आणि पदराने नाक पुसलं. "रडूक इला, रडलंय."